मैत्रीचे पारितोषिक : कोणाला आणि कशासाठी?

गेल्या सुक्कोथच्या सुट्टीत लोद येथे एका मैत्रिणीच्या घरी आम्ही सात माजी विद्यार्थिनी एकत्र जमलो होतो. सातहीजणी मुंबईच्या एकाच मुलींच्या शाळेत शिकलेल्या. आज कोणी अश्दोदला, कोणी बेरशेवाला, तर कोणी दिमोनाला स्थायिक झालेल्या. घरच्यांची विचारपूस, मुलानातवंडांचे फोटो, गुडघ्यांची दुखणी हे सर्व झाल्यावर यजमानीण मैत्रिणीने शाळेच्या बक्षीस समारंभाचा एक जुना फोटो पुढे ठेवला, आणि मग संध्याकाळपर्यंत आम्ही एकाच गोष्टीविषयी बोलत राहिलो. ती गोष्ट म्हणजे आमच्या शाळेत दरवर्षी दिले जाणारे मैत्री व शील यांसाठीचे पारितोषिक.

हा विषय येथे मांडण्याचे कारण असे की, आमच्या गावातील मंडळाने यंदापासून समाजातील शालेय मुलामुलींना पारितोषिके देण्याचे योजिले आहे. तूर्त ठरलेली तिन्ही पारितोषिके बगरुत परीक्षेतील गुणांवर द्यावयाची आहेत. चौथे पारितोषिक मैत्री व शील यांसाठी ठेवावे, अशी सूचना एका सभासद भगिनीने केली तेव्हा सभेत थोडा हशा पिकला. 'चांगुलपणाला बक्षीस कशाला? आणि तो मोजणार कोण?' असा प्रश्न एका ज्येष्ठ बंधूंनी विचारला. प्रश्न रास्त आहे. मुंबईत व नंतर येथे मिळून तीसहून अधिक वर्षे आम्ही वर्गात शिकविले. त्या अनुभवाच्या आधारे ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत. आमच्या शाळेचे नाव मात्र येथे देत नाही, कारण पुढे जी चूक सांगावयाची आहे ती आम्हां मुलींची आहे.

आमच्या शाळेतील पद्धत अशी होती. पारितोषिक म्हणजे एक पुस्तक. पहिल्या पानावर मुख्याध्यापिकाबाईंची सही व शाळेचा शिक्का. रोख रक्कम नाही, ढाल नाही. डिसेंबरातील स्नेहसंमेलनाच्या आठ दिवस आधी वर्गशिक्षिका प्रत्येकीस कागदाची एक चिठ्ठी देत. तीवर वर्गातील एकीचे नाव, आणि तिने वर्षभरात कोणासाठी काय केले तो एक प्रसंग लिहावयाचा. 'ती स्वभावाने चांगली आहे' एवढेच लिहिलेली चिठ्ठी बाद होई. मग बाई त्या चिठ्ठ्यांतील प्रसंग, नावे गाळून, वर्गात वाचून दाखवीत. एकीने कवायतीच्या तासाला चक्कर आलेल्या मुलीस घरी पोहोचविण्यासाठी स्वतःची चाचणी बुडविलेली असे. एक मुलगी रोज डब्यात दोन पोळ्या जास्त आणी आणि त्या कोणासाठी हे कधी बोलून दाखवीत नसे. कोणत्या वर्षी पुस्तक कोणास मिळाले, हे आम्हां सातजणींपैकी एकीलाही नीट आठवले नाही. वाचून दाखविलेले प्रसंग मात्र सर्वांना आठवत होते.

अपवाद एका वर्षाचा. आम्ही नववीत होतो ते हे वर्ष. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरची चूल अडचणीत आली. आमच्या वर्गात लालबागच्या चाळीत राहणारी एका गिरणी कामगाराची मुलगी होती. ती नववीत एकदा नापास झालेली, आम्हांपेक्षा एका वर्षाने मोठी, शेवटच्या बाकावर बसणारी. तिच्याशी आमचे भांडण नव्हते. पण तिच्या शेजारी आपण होऊन कोणी बसत नसे, हेही खरे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमच्यापैकी एका मैत्रिणीचे वडील वारले. आई खचली, धाकटी भावंडे लहान, म्हणून ती दोन महिने शाळेत येऊ शकली नाही. आम्ही सर्वजणी एकदा तिच्या माझगावच्या घरी भेटावयास गेलो, रडलो आणि परत आलो. ह्यापलीकडे कोणी काही केले असेल असे आम्हांस तेव्हा वाटले नव्हते. ह्या सुक्कोथला, बेचाळीस वर्षे उलटून गेल्यावर, त्याच मैत्रिणीने आम्हांस सांगितले की, ती शेवटच्या बाकावरची मुलगी आठवड्यातून तीन वेळा तिच्या घरी येत असे. जुन्या हिशेबवह्यांतील कोऱ्या पानांवर ती वर्गातील धडे उतरवून आणी. बसचे पैसे नसत म्हणून पायीच येई आणि दिवेलागणीच्या आत परत निघे. तिच्या लिहिण्यात चुका पुष्कळ असत. आमची मैत्रीण त्या चुका दुरुस्त करी, आणि त्या दुरुस्त करता करताच तिचा अभ्यास झाला. नववीची परीक्षा ती उत्तीर्ण झाली ती ह्या वह्यांच्या बळावर.

डिसेंबरात चिठ्ठ्या वाटल्या गेल्या तेव्हा आमची ही मैत्रीण वर्गात हजर होती. तरीही तिने त्या मुलीचे नाव लिहिले नाही. 'नापास झालेल्या मुलीच्या वहीवरून मी अभ्यास केला, हे वर्गात वाचले जाईल. नाव गाळले तरी सगळ्यांना कळेल, ह्याची मला लाज वाटली गं,' असे ती म्हणाली. तिनेही आम्हां इतरांप्रमाणे वर्गातील सर्वांच्या लाडक्या, गोड गळ्याच्या मुलीचेच नाव लिहिले, आणि पुस्तक त्या मुलीस मिळाले. ती मुलगी, म्हणजे आजची ती आमची मैत्रीण, ह्या वेळी आमच्यातच बसलेली होती. थोडा वेळ ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, 'मला ठाऊक होते. आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. जिन्यात ती मला नेहमी भेटायची. तरी मी मंचावर जाऊन पुस्तक घेतले.'

संपामुळे त्या मुलीची शाळा नववीनंतर सुटली. ती कोठे गेली, तिचे पुढे काय झाले, ह्याचा पत्ता आम्हांपैकी कोणापाशीही नाही. तिला आज पत्र लिहावे म्हटले तरी ते कोठे पाठवावे?

वाचक म्हणतील, मग ह्यावरून असेच सिद्ध होते की, अशी पारितोषिके निरर्थक होत. त्या संध्याकाळी आमच्यापैकी दोघींचे मत तसेच झाले. आमचे मत मात्र तसे झाले नाही. त्या चिठ्ठ्यांची रीत चांगली होती. ती उणी पडली, कारण त्याच समारंभात तिच्या आधी पंधरा पारितोषिके गुणांसाठी दिली जात. पहिली आलेली, दुसरी आलेली, गणितात पहिली, इंग्रजीत पहिली, ह्या सर्वांवर टाळ्या पडून गेल्यावर शेवटी मैत्रीचे पुस्तक येई. नापास होणे म्हणजे लाज, हा धडा आम्ही वर्षभर गिरवीत होतो. एका डिसेंबरच्या दिवशी तो पुसला जाणे शक्य नव्हते. मोठी माणसे ज्याला बक्षीस देतात त्यावरूनच मुले ठरवितात की, कोणाशी असलेली मैत्री उघडपणे सांगावी आणि कोणाची मदत लपवून ठेवावी.

आपल्या समाजाने गुणांस एवढे महत्त्व का दिले, हे आम्ही जाणतो. कोकणातील तेलाच्या घाण्यांवरून आपले पूर्वज मुंबईस आले आणि शाळेच्या आधारावरच वर चढले. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा उभी केली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९२२ ते १९५० ह्या काळात रेबेका रूबेन यांनी तिचे मुख्याध्यापकपद सांभाळले. टपाल, रेल्वे, लष्कर, इस्पितळे, शाळा आणि कचेऱ्या येथे आपल्या लोकांनी जी जागा मिळविली ती गुणपत्रिकेच्या जोरावर. ह्या देशात आल्यावरही भाषा नवी, हवामान नवे, ओळखी नाहीत, अशा स्थितीत मुलाचे गुण हाच आईबापांचा एकमेव भरवसा होता. तेव्हा बगरुतच्या पारितोषिकांना आमचा विरोध नाही. ती अवश्य द्यावीत.

पण त्याच वडील पिढीला आणखी एक अनुभव आहे. १९६२ ते १९६४ ह्या वर्षांत विवाहाच्या प्रश्नावरून आपल्या समाजाच्या ज्यूपणाबद्दल शंका घेतली गेली आणि घरोघरच्या वंशावळी विचारल्या गेल्या. त्या दिवसांच्या कथा ऐकतच आमच्यापैकी कित्येकजणी लहानाच्या मोठ्या झाल्या. त्या कथांत कायदेपंडितांची व पुढाऱ्यांची नावे येतात, तशीच न सांगता मदतीस आलेल्या शेजाऱ्यांचीही आठवण येते. माणसाची पारख बाहेरच्या शिक्क्यावरून केली म्हणजे काय होते, हे ज्या समाजाने सोसले, त्याने आपल्या मुलांची पारख एकाच शिक्क्यावर करू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता 'मोजणार कोण?' ह्या प्रश्नाकडे वळू. शिक्षकांनी मोजावे, हे उत्तर सर्वांत सोपे. पण ते खरे नव्हे, हे आम्ही स्वतःच्या चुकीवरून सांगतो. येथे शिकवीत असताना एके वर्षी वर्गातील उत्तम स्नेह्याची निवड आमच्यावर सोपविली होती. आम्ही एका शांत, आज्ञाधारक, वह्या नीट ठेवणाऱ्या मुलीची निवड केली. दुसऱ्या दिवशी एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, 'मोरा, ती कोणाशी बोलतच नाही.' आम्हांस जी मुलगी सोयीची वाटली तिला आम्ही मैत्रीचे प्रशस्तिपत्र दिले होते. मैत्री मधल्या सुट्टीत घडते, शाळेच्या बसमध्ये घडते, जिन्यात घडते. तेथे शिक्षक नसतो.

मग मुलांनीच मोजावे काय? मुंबईत बी. एड. करीत असताना आम्हांस समाजमितीचे तंत्र शिकविले गेले. ज्यू वंशाचे मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांचा ह्या विषयावरील ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक मुलास विचारावयाचे की, तुला कोणाशेजारी बसावयास आवडेल; मग उत्तरांचे बाण काढून वर्गाचा नकाशा तयार करावयाचा. काही मुलांकडे पुष्कळ बाण जातात, काहींकडे एकही जात नाही. सरावपाठाच्या वर्गात तो नकाशा काढताना आम्हांस आमची शेवटच्या बाकावरची वर्गमैत्रीण आठवली होती. पण हा नकाशा कोण कोणास आवडते एवढेच दाखवितो; कोण कोणाच्या उपयोगी पडले हे तो दाखवीत नाही. म्हणून 'सर्वांत चांगले कोण?' असे मुलांना विचारले, तर उत्तरात लोकप्रिय मुलाचेच नाव येणार. 'तुझ्यासाठी किंवा तुझ्या डोळ्यांदेखत कोणी काय केले?' असे विचारले तर निराळे नाव येण्याचा संभव आहे.

सहाध्यायांच्या मताने शील मोजण्याची कल्पना नवी नाही. १९०२ मध्ये मृत्यू पावलेल्या सेसिल ऱ्होड्स यांनी ऑक्सफर्डच्या शिष्यवृत्त्यांसाठी जे मृत्युपत्र केले, त्यात पुस्तकी अभ्यासाबरोबर सत्यप्रियता, धैर्य, दुर्बलांविषयी सहानुभूती, निःस्वार्थीपणा व स्नेहभाव हे गुणही धरले होते. आणि ह्या गुणांची पारख उमेदवाराच्या सहाध्यायांच्या गुप्त मतदानाने करावी, असे त्यात म्हटले होते. कल्पना थोर होती. परंतु पौरुष हाही गुण त्याच यादीत होता, आणि १९७७ पर्यंत ह्या शिष्यवृत्त्या स्त्रियांना खुल्या नव्हत्या. ज्या दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांतून ती संपत्ती आली, तेथील कृष्णवर्णीयांचे हक्क संकुचित करणाऱ्यांत ऱ्होड्स स्वतः होते. सद्गुणांची सुंदर यादी करणारा मनुष्यही कोणास बाहेर ठेवतो, हे त्यास दिसत नाही. आम्हांसही नववीच्या वर्गात ते दिसले नव्हते.

आणखी दोन आक्षेप आहेत व ते दोन्ही वजनदार आहेत. पहिला मानसशास्त्राचा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन व निस्बेट ह्या संशोधकांनी अमेरिकेतील बालवाडीत एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना, चित्रे काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले. पुढे मोकळ्या वेळेत त्या मुलांचा चित्रांतील रस कमी झालेला आढळला. ज्यांना काही न सांगता अकस्मात प्रशस्तिपत्र मिळाले, त्यांचा रस कमी झाला नाही. हीच गोष्ट चांगुलपणास लागू पडेल, अशी भीती योग्यच आहे. येथील शाळांत दहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना समाजसेवेचे तास पुरे करावे लागतात. त्यातून पुष्कळ मुले मनापासून वृद्धाश्रमात जातात. पण तास भरले की सही घेऊन पाठ फिरविणारी मुलेही आम्ही पाहिली आहेत.

दुसरा आक्षेप आपल्या धर्माचा. रांबाम यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. देणाऱ्यास घेणारा व घेणाऱ्यास देणारा ठाऊक नसावा, ही त्यांतील फार वरची पायरी. आणि सर्वांत वरची पायरी म्हणजे गरजूस स्वतःच्या पायांवर उभे करणे. मग गुप्तपणे केलेल्या चांगल्या कृत्याचा मंचावर गाजावाजा करणे योग्य कसे? शिवाय मदत घेणाऱ्याचीही अब्रू असते. आमच्या मैत्रिणीने चिठ्ठीत खोटे नाव लिहिले ते ह्या अब्रूच्या भीतीनेच.

ह्या आक्षेपांचा विचार करूनच आम्ही मंडळापुढे पुढील सूचना ठेवीत आहोत. पारितोषिक द्यावे, पण त्याची आगाऊ जाहिरात करू नये आणि त्यात पैसा आणू नये. एक पुस्तक पुरे. मुलांकडून नाव व घडलेला प्रसंग लिहून घ्यावा आणि प्रसंगाशिवाय आलेली चिठ्ठी विचारात घेऊ नये. चिठ्ठी घरून बंद पाकिटात पाठविण्याची मुभा असावी, म्हणजे ज्याला मदत मिळाली तो मित्रांच्या नजरा चुकवून खरे लिहू शकेल. ज्याच्याविषयी लिहावयाचे ते मूल आपल्या समाजाचेच असावे, अशी अट नसावी. आमच्या मैत्रिणीच्या घरी वह्या घेऊन आलेली मुलगी आपल्या समाजाची नव्हती, आणि आज आपल्या मुलांच्या शेजारी बसणारी मुले मोरोक्कोच्या, इथिओपियाच्या, रशियाच्या घरांतून आलेली आहेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, समारंभात नाव पुकारू नये. प्रसंग तेवढे वाचावेत, तेही घेणाऱ्याची ओळख पटणार नाही अशा रीतीने. ज्या प्रसंगात ओळख लपणे शक्य नाही तो वाचूच नये. पुस्तक नंतर शांतपणे त्या मुलाच्या घरी नेऊन द्यावे. आणि हे वाचन समारंभाच्या शेवटी, लोक जेवणासाठी उठू लागलेले असताना न होता, गुणांच्या पारितोषिकांच्या आधी व्हावे. ह्या एका बदलाने सर्व काही साधेल, असा आमचा दावा नाही. परंतु सभागृहात बसलेले एखादे मूल ते ऐकून मनाशी म्हणेल की, असे तर माझ्यासाठीही कोणी केले होते; आणि त्या कोणाचे तरी नाव उच्चारण्याची त्यास लाज वाटणार नाही. ज्या वर्षी सांगण्याजोगा एकही प्रसंग येणार नाही, त्या वर्षी पुस्तक देऊ नये, आणि आम्हां मोठ्यांनी तो दोष स्वतःकडे घ्यावा.

त्या संध्याकाळी आम्ही सातजणींनी बसल्या बसल्या एक काम केले. प्रत्येकीने कागदावर शाळेतील एक नाव व एक प्रसंग लिहिला. सातांपैकी पाच चिठ्ठ्यांवर त्या एकाच मुलीचे नाव निघाले, परंतु प्रसंग निरनिराळे. एकीला तिने पावसात स्वतःची छत्री दिली होती. एकीच्या तुटलेल्या चपलेला तिने सेफ्टीपिन लावून दिली होती. आम्हां स्वतःस तिने एकदा बाईंच्या रागातून वाचविले होते आणि ते आम्ही चाळीस वर्षे विसरून गेलो होतो. पुस्तक मिळालेल्या मैत्रिणीने त्या चिठ्ठ्या घडी घालून आपल्याजवळ ठेवून घेतल्या. पुढच्या वेळी मुंबईस जाईन तेव्हा लालबागेत चौकशी करीन, असे ती म्हणाली. गिरण्या गेल्या, चाळी पाडल्या गेल्या, तेथे आता उंच इमारती आहेत. तरीही तिने जावे, असे आम्हां सर्वांना वाटले.

वाचक बंधुभगिनींनी, विशेषतः आमच्या शिक्षक सहकाऱ्यांनी व आईबापांनी, ह्या सूचनेवर आपले मत अवश्य कळवावे. विरोधी मत असले तरी ते आम्हांस हवेच आहे. आणि ह्या शब्बाथला सर्वजण जेवावयास एकत्र बसाल तेव्हा मुलांना गुणांविषयी विचारण्याआधी एवढेच विचारून पाहावे की, ह्या आठवड्यात तुला कोणी मदत केली. उत्तर येण्यास थोडा वेळ लागला तर थांबावे.